पानमळ्यातला मारुती आणि कुंपणाबाहेरच्या बायका

शाळेत मी इतिहास शिकवत असे, आणि वर्षाचा पहिला धडा ठरलेला: इतिहासाची साधने. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. एकात भौतिक, एकात लिखित, एकात मौखिक. खाली नाणी, मूर्ती, ताम्रपट, बखरी, ओव्या, लोकगीतं अशी उदाहरणं टाकायची. पोरं घोकायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. मी मात्र काही विसरले नाही. निवृत्त झाल्यावर हे सगळं ज्ञान घेऊन मी पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत बसले होते आणि मला त्यातलं कोणी काही विचारत नव्हतं. शेजारी विचारायचे ते पाणी किती वाजता येणार, एवढंच.

अशात आश्विनात अकोल्याहून माझ्या विहीणबाईंचा फोन आला. शकुंतलाबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. लेक-जावई बंगळुरात, त्यामुळे आम्हा दोघींचं नातं आता पोरांच्या पलीकडे आपलंआपलं चाललेलं आहे. विहिणीला वऱ्हाडात ईन म्हणतात, म्हणून मी त्यांची ईनबाई.

"ईनबाई, माह्या माहेरच्या मारुतीनं कवच टाकलं. तुमी या."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवाला दर शनिवारी तेल-शेंदूर लावतात. थरावर थर चढत जातो, मूळ दगड दिसेनासा होतो, आणि कधीतरी एखाद्या दिवशी ते सगळं जाडजूड कवच आपोआप सुटून खाली येतं. मग उरलंसुरलं काढून ते पाण्यात सोडायचं आणि देवाला नव्याने शेंदूर लावायचा. लोक म्हणतात, देवानं कवच टाकलं.

"अहो, पण मी येऊन काय करू?"

"खालून भलतंच निघून राहिलं ना बाप्पा! माहा भाऊ म्हन्ते मारुतीच हाय. मले नाई वाटत. तुमी इतिहासाच्या मास्तरीन, तुमी सांगा. शनिवारी शेंदूर लावून टाकनार हायेत, मंग आपल्या जन्मात ते पुन्हा दिसत नाई."

मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

अकोला

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. अकोल्याला उतरले तर सकाळीच ऊन असं, की आश्विन आहे की वैशाख! आमचे व्याही, म्हणजे वकीलसाहेब, स्टेशनवर उभे होते. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण पांढरा शर्ट आणि काळी पँट काही सुटलेली नाही. ऑटोतून घरी पोचलो तोच शेजारच्या एक बाई कुंपणावरून मान काढून म्हणाल्या, "काहून आल्या?"

पुण्यात असं कोणी दारात विचारलं असतं तर मी आल्या पावली परत गेले असते. 'काहून' म्हणजे 'कशाला', पण इथे त्याचा अर्थ 'आलात, फार छान झालं' असा असतो, हे मला लेकीच्या लग्नापासून माहीत आहे, तरी दर वेळी कान टवकारतातच. त्याच बाई दहा मिनिटांत वाडगाभर कच्चा चिवडा घेऊन आल्या. मुरमुरे, कच्चा कांदा, मसाला, वर शेंगदाणे. मी दोनदा घेतला आणि मग तर्रीवाले पोहेही खाल्ले. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ले, पण खाल्ले.

दुपारी जेवताना वकीलसाहेबांनी खटला समजावून सांगितला. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे शकुंतलाबाईंचं माहेर. घराणं पिढीजात पानमळेवाल्यांचं, म्हणजे विड्याच्या पानांची लागवड करणारं. मळ्यात मारुती. त्या मळ्यात आणि मारुतीजवळ बायकांनी जायचं नाही, अशी तिथली रीत.

"थांबा," मी म्हटलं. "मग मला कशाला बोलावलंत? मी कोण, पुरुष?"

वकीलसाहेब खो खो हसले. "ते यांच्या लक्षातच नाही आलं! यांच्या भावाले, गजूले, फोनवर सांगितलं तवा तो म्हणाला, या म्हना, पण कुंपनाबाहेरून पाहा."

शकुंतलाबाई हसल्या नाहीत. ताटातलं भरीत माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "कुंपनाबाहेरून पाहाची मले सवय हाय. तुमाले बी लागन."

अंजनगावच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी गाडीने निघालो. अकोटच्या पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी रांग लागते आणि मग ती सोबत सोडत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कपाशी, मध्येच सोयाबीन काढून झालेली मोकळी वावरं, संत्र्याच्या बागा. वकीलसाहेब वाटभर मला पुराव्याचा कायदा शिकवत होते.

"ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, ईनबाई. ज्यानं पाह्यलं त्यानंच सांगावं."

"आमच्याकडे चालतो. फक्त त्याची उलटतपासणी करावी लागते. ज्यानं पाहिलं तो मरून शेकडो वर्षं झालेली असतात, समन्स कुणाला काढता?"

हे त्यांना आवडलं. पुढच्या चहाला त्यांनी ते टपरीवाल्यालाही ऐकवलं.

गावात शिरायच्या आधीच माझी फजिती झाली. रात्री पाऊस पडून गेला होता. गाडी रस्त्यावर ठेवून मळ्याकडे चालत निघालो आणि त्या काळ्या मातीने माझी डावी चप्पल गिळली. गिळली म्हणजे गिळलीच. मी पाय उचलला, चप्पल आली नाही. वकीलसाहेब काठीने उकरत बसले. शेवटी ती निघालीच नाही, तेव्हा मी दुसरी हातात घेतली आणि अनवाणी, नडगीपर्यंत चिखल, अशी इतिहासतज्ज्ञ म्हणून गावात दाखल झाले.

शकुंतलाबाईंचे धाकटे भाऊ गजूभाऊ कुंपणापाशी उभे होते. साठीच्या आतबाहेरचे, काटक, कमरेला लव्हाळ्याच्या वाळक्या पातींची जुडी खोचलेली. वेल वाढेल तशी ती त्या पातींनी वर बांधत न्यायची असते. माझ्या पायांकडे बघून ते म्हणाले, "बरं झालं. चपला तशाबी काढाच लागतात इथं."

"मला कुठे आत यायचंय?"

"हो, ते बी खरं हाय," ते म्हणाले आणि ओशाळले.

पानमळा मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत शेवग्या-पांगाऱ्याच्या दाटीत हिरवा अंधार. त्या झाडांवर वेली चढवलेल्या, खाली पाण्याचे पाट, आणि आतून येणारा ओलसर, तिखट वास. फाटकाशी पत्र्याची पाटी होती: 'प्राचीन स्वयंभू मारुती'. रंग इतका ताजा की 'मारुती'तल्या रु चा ओघळही दिसत होता. कुंपणापासून मारुतीचं ठाणं असेल हाकेच्या अंतरावर, पण वेलींमुळे दिसत काहीच नव्हतं.

मी गजूभाऊंना सरळच विचारलं, "बायका का नाही यायच्या?"

"वेल लय नाजूक हाय बाई. सावली पडली तरी कोमेजते म्हन्तात. माहा विश्वास हाय का नाई ते सोडा. शेजारच्या मयाले मर रोग लागला अन् पंधरवड्यात सारी वेल गेली. उद्या मी बाई आत नेली अन् तसं झालं, तं गाव काय म्हनन? पोरं काय म्हनतीन?"

मळ्याला ते मया म्हणत. त्यांच्या बोलण्यात मस्ती नव्हती, भीतीच होती, आणि भीतीशी मला भांडता येत नाही. 

परत फिरताना शकुंतलाबाई मला म्हणाल्या, "लहानपनी बाबाची भाकर मी इथूनच द्याची. या खुंटापाशी उभी राहून हाक माराची. ते येऊन घेऊन जायचे. माहा बाप आत काय करते, कसा करते, मी कधी पाह्यलं नाई." मग पुढे म्हणाल्या, "गेले बी इथंच. वेल बांधता बांधता पडले. मी भुलाबाईच्या दिवसांत माहेरी आलती. बोंब आयकून धावत आली अन् इथं उभी राह्यली. आत नाई गेली. त्याईले बाहेर आनलं तवा पाह्यलं. आता तं मी साठीच्या पल्याड हाय ईनबाई, विटाळ-बिटाळ सारं सरलं. एक डाव ती जागा पाहाची हाय. बस, येवढंच."

तेव्हा मला कळलं की मला मारुतीसाठी बोलावलेलं नव्हतं.

साक्षीदार

गजूभाऊंच्या घरी ओट्यावर बसून आम्ही कामाला लागलो. मी आत जाऊ शकत नाही म्हणून वकीलसाहेब मोबाइल घेऊन मळ्यात जाऊन आले. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्यक्ष वस्तू बघावी असं मी आयुष्यभर शिकवलं, आणि माझ्या वाट्याला आले हललेले फोटो आणि एक निवृत्त वकील.

"काय पाहिलंत ते सांगा. वाटलं ते नको."

"उभी आकृती. माझ्या कमरेच्या वर येते. वरचा भाग उघडा, खांद्यांखाली अजून कवच आहे. उजवा हात उगारलेला."

"पाहा! हात उगारलेला," गजूभाऊ म्हणाले. "मारुतीच असते तसा."

मी फोटो बोटांनी मोठा केला. उगारलेल्या हातात बांगड्या होत्या. एक-दोन नव्हेत, मनगटापासून वर ओळीने. कानात हे एवढं मोठं गोल कुंडल. मानेमागे अंबाडा.

"गजूभाऊ, मारुतीला अंबाडा?"

"शेपटी असन ती. वर येऊन वळते न् कधीकधी."

"आणि बांगड्या?"

"कडं बी घालते मारुती."

"इतकी?"

गजूभाऊंनी पाटीकडे बोट दाखवावं तसं मळ्याच्या दिशेने बोट दाखवलं. "अवो, पाटीवर लिवलं हाय ना सारं! प्राचीन स्वयंभू मारुती!"

"पाटी कुणी लिहिली?"

"म्याच लिहून घेतली."

वकीलसाहेब म्हणाले, "स्वतःच्या अर्जाला स्वतःचीच साक्ष. नामंजूर." आणि सगळे हसले, गजूभाऊही हसले. पण मुद्दा सोडला नाही. शनिवारी उरलेलं कवच काढायचं आणि लगेच शेंदूर चढवायचा, हे त्यांनी पुन्हा बजावलं. अर्धवट उघडा देव बरा नव्हे.

मीही काही ठामपणे म्हणू शकत नव्हते. जुन्या पडक्या देवळाच्या भिंतीवरची एखादी सुंदरी कोणीतरी उचलून इथे आणून उभी केली असेल, असा माझा अंदाज. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि अंदाजावर कोणी आपल्या मळ्याचं फाटक उघडत नाही. जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं. गजूभाऊंच्या बायको रुख्मावहिनी पाटवड्यांचा रस्सा वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या बाई अजून. इचार करून करून वाळून गेल्या तुमी."

भुलाबाई

संध्याकाळी दिवेलागणीला ओट्यावर भुलाबाई मांडली. आमच्याकडच्या भोंडल्याची ही वऱ्हाडी बहीण. भोंडल्याला आम्ही हत्तीभोवती फेर धरतो, इथे भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडून तिच्यापुढे गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं. हे पाहताना मला वाटलं, माझा अख्खा विषय हाच तर आहे. झाकण उघडता येत नाही, नुसता आवाज ऐकून सांगायचं आत काय आहे. मी डबा हलवला आणि तोऱ्यात म्हटलं, "फुटाणे." निघाल्या खोबऱ्याच्या वड्या. बायका किती हसल्या म्हणून सांगू!

पण त्याआधी गाणी झाली. नेहमीची झाली, आणि मग रुख्मावहिनींनी एक उचललं. शकुंतलाबाईंनी लगेच सूर धरला.

*पानमळ्यात उभी गं बाई,*
*उभी गं बाई, हलत नाई.*
*हात उगारून करते काय,*
*करते काय, बोलत नाई.*
*पायाशी बसलं माकड गं,*
*पदर धरलाय, सोडत नाई.*

मी टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या ओळीला हात थांबले.

"थांबा, थांबा! पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मी विचारलं, "हे गाणं कुठलं?"

"इथलंच. माह्या सासूनं शिकवलं," वहिनी म्हणाल्या. "त्याईच्या सासूनं त्याईले. काहून?"

"पानमळ्यात बायका जात नाहीत ना? मग ही कोण उभी आहे?"

वहिनी म्हणाल्या, "गान्यात कायबी येते बाई. हत्ती येते, राजा येते. खरं थोडीच असते."

"आणि माकड?"

"ते पोरी हसवासाठी असन."

आता माझ्या लक्षात आलं आणि मला गंमतही वाटली, रागही आला. दगड पुरुषांजवळ होता, गाणं बायकांजवळ. बायकांना दगड कधी दिसला नाही. पुरुष भुलाबाईच्या वेळी पारावर जाऊन बसत, त्यांनी गाणं कधी ऐकलं नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या आणि त्यांची कधी गाठ पडली नाही.

गजूभाऊंना बोलावून आणलं. त्यांना ओट्यावर बसवून बायकांनी गाणं ऐकवलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते अख्खं ऐकलं असावं. ऐकून म्हणाले, "बरं मंग?"

"हात उगारलेली बाई वर दिसतेच आहे," मी म्हटलं. "खालचा भाग अजून कवचाखाली आहे. तो आज जिवंत असलेल्या कोणी पाहिलेला नाही. बरोबर?"

"बरोबर."

"गाणं म्हणतं पायाशी माकड आहे आणि त्यानं पदर धरलाय. उद्या कवच काढाल. माकड नसेल तर गाणं नुसतं गाणं. मग खुशाल शेंदूर लावा, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. आणि असेल, तर मला सांगा, ते बायकांना कसं ठाऊक?"

वकीलसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "गजू, हे आज सांगून ठेवलं हे ध्यानात ठेव बरं. उद्या उघडल्यावर सांगितलं असतं तर मी मानलं नसतं."

गजूभाऊ उठले. जाताना पुटपुटले, "माकड गा... मारुतीच्या ठिकानी." शकुंतलाबाई डब्यातली वडी हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी ती खाल्लीच नाही.

शनिवार

सकाळी आम्ही तिघी कुंपणाशी उभ्या होतो. रुख्मावहिनीही आल्या होत्या. पंगतीचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांवर भाजायला शेजारणीला बसवून आल्या होत्या; एरवी हे काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नसेल. आत गजूभाऊ आणि वकीलसाहेब. दिसत काही नव्हतं. वकीलसाहेब मोठ्याने सांगत होते, आम्ही ऐकत होतो.

"कोमट तेल सोडतो आहे... नारळानं हळूच ठोकतो आहे... कमरेजवळचा तुकडा सुटला... आला... मेखला आहे, ईनबाई! कमरपट्टा, घुंगरांचा!"

"पुढे?"

"मांडी... वस्त्राच्या निऱ्या... एका बाजूला ताणल्यासारखं काही आहे..."

मग आवाज थांबला. नारळाचा ठकठक आवाजही थांबला. शकुंतलाबाईंनी माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत.

"अवो, सांगाना काय ते!" त्या ओरडल्या.

वकीलसाहेबांचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माकड आहे. लहानसं. दोन्ही हातांनी पदर धरून ओढतं आहे. आणि ती त्याच्यावर हात उगारून उभी आहे."

रुख्मावहिनी ओरडल्या, "माय व माय! गान्यातलीच हाय ती!"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. अशी बाई मी जुन्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर पाहिली आहे. माकड खोडी काढतं, ती लटकीच रागावते. घडवणाऱ्याने गंमत म्हणून घडवलेली. कुठून आली, कोणी आणली, कधी आणली, मला सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. पण एक गोष्ट सांगता येत होती. मी कवचाचा एक तुकडा मागितला. वकीलसाहेबांनी तो कुंपणावरून दिला. वीटभर जाड, जड, तेलकट. मोडलेल्या कडेला खारी बिस्किटासारखे पापुद्रे: शेंदरी, काळपट, पुन्हा शेंदरी. आणि अगदी आतल्या बाजूला, जिथे तो दगडाला चिकटलेला होता, तिथे शेंदूर नव्हता. पिवळट थर होता, त्यावर लालसर डाग.

"हळद-कुंकू," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"तसं दिसतं खरं. मी शपथेवर सांगणार नाही."

"तुमी नका सांगू. मी सांगते. आयुष्यभर वाहिलं हाय मी."

गजूभाऊ वेलींतून बाहेर आले. हात कोपरापर्यंत शेंदरी. ते कुंपणाच्या आत, आम्ही बाहेर. मी त्यांना तुकडा दाखवला. "सगळ्यांत खाली हे आहे, गजूभाऊ. शेंदूर नंतरचा. पहिल्यांदा जिने कोणी पूजा केली तिने हळदीकुंकवाने केली, आणि ती आत जाऊन केली. गाणंही तिच्यासारख्याच कोणीतरी रचलं, समोर उभं राहून, माकड बघून. पुढे कोणाला तरी माकड तेवढं दिसलं, त्याचा मारुती झाला, आणि शेंदूर वर चढत चढत बाई झाकून गेली."

"म्हन्जे..." ते विचार करत म्हणाले, "म्हन्जे मारुती हायेच."

"हाय ना बे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पन बाईच्या पायाशी हाय."

रुख्मावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. गजूभाऊंना राग येईल असं वाटलं, पण ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते मागे वळून आपल्या हिरव्यागार वेलींकडे बघत होते. 

"आतच होती ती," ते म्हणाले. "इतकी वर्सं. अन् वेल तं चांगली फुटून राहिली."

मग त्यांनी फाटकाची कडी काढली.

"ताई," ते म्हणाले, "चपला काढ."

शकुंतलाबाईंना चपला काढता येईनात.  वहिनींनी खाली वाकून त्यांच्या चपला काढल्या, मग स्वतःच्या. माझ्या पायात तशाही नव्हत्या. आम्ही आत गेलो. माती गार होती. पाटातलं पाणी ओलांडून, वेलींना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, आम्ही तिच्यासमोर उभ्या राहिलो. ती छान होती. नाक थोडं झिजलेलं, पण डोळ्यांत मिस्कीलपणा शाबूत. वहिनींनी तिला न्याहाळलं आणि माकडाला म्हटलं, "सोड ना रे मेल्या तिचा पदर!"

शेंदराचं काय करायचं ते तिथेच ठरलं. गजूभाऊंनी वाटीतला शेंदूर घेतला, फक्त त्या वीतभर माकडाला लावला, आणि उरलेला बाजूला ठेवला. बाईला हळद-कुंकू वहिनींनी वाहिलं. पाटी बदलायची नाही असंही ठरलं, कारण तीही खोटी नव्हती. दुपारी पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी मी इतकी खाल्ली, की अमरावतीहून सुटणारी परतीची गाडी पकडेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. तुपात बुडवलेले रोडगे! खाण्यातही वऱ्हाडी बायकांनी मला हरवलं, पण ते सोडा.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं आहे.

सगळे मूर्तीपाशी असताना शकुंतलाबाई हळूच भावाला म्हणाल्या, "बाबा कुठं पडले होते रे?"

गजूभाऊ त्यांना चार वाफे पलीकडे घेऊन गेले. एका पांगाऱ्याच्या बुंध्याशी थांबले आणि नुसती मान हलवली. तिथे विशेष काही नव्हतं. ओली माती होती, वेली होत्या. एका वेलीचा शेंडा बंध सुटून खाली लोंबत होता. शकुंतलाबाईंनी तो तळहातावर घेतला, उचलून खोडाला लावून धरला आणि दुसरा हात भावापुढे केला. त्यांनी कमरेची लव्हाळ्याची एक पात काढून दिली. बाईंनी हात उंचावून ती खोडाभोवती फिरवली आणि करकचून गाठ मारली.

"ढिली बांध, ताई. करकचून आवयली तं वेल वाढत नाई. बाबा असंच सांगत."

"मले बाबा कवा सांगते, गजू?" त्या म्हणाल्या. "मी बाहेर होती."

गजूभाऊंनी गाठ सोडली, आणि जुडीतून आणखी एक पात काढून बहिणीच्या हातात दिली.